हिमनदीवरची चादर

मंगळवार, १ जुलै २०२५. सकाळी लख्ख ऊन. उपमा केला, इकडचा रवा जाड, पाणी जास्त लागतं. उत्कर्षा लवकर कामावर गेली. आम्ही दोघं मागाहून बसनं हिमनदीवर. गुरुशांतच्या हातून तिथली चादर जळाली. बर्फाची गुहा बघायची राहिली. येताना बसमध्ये कोणी बोललं नाही. रात्री आमटी-भात. गुरुशांत जेवला नाही. भात बराच उरला.

त्या दिवसाची माझ्या डायरीतली नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरनी आम्हाला सवय लावली होती, की झोपण्याआधी दिवस लिहून काढायचा. जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. शाळा सुटली, लग्न झालं, मुलं मोठी झाली, हे गेले, तरी सवय सुटली नाही. म्हणून माझ्या डायऱ्यांमध्ये दूध, पाऊस, पाहुणे आणि औषधं सापडतात. माणूस सापडत नाही. गुरुशांत माझा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल त्या दिवशी मी तीन-चार वाक्यं लिहिली आणि दिवा बंद केला. उरलेलं आता लिहिते आहे. त्याला विचारूनच लिहिते. तो म्हणाला, "लिही. नावं तेवढी बदल." नावं बदलली आहेत. गावाचं बदलून उपयोग नव्हता. चादर म्हटलं की आमचं गाव आपोआप कळतं.

चाटी गल्लीतलं आमचं दुकान वडिलांनी सुरू केलं. शाळेच्या बोर्डिंगला चादरी द्यायला ते जायचे, त्या ओळखीनं सिस्टरनी मला शाळेत घेतलं. गुरुशांत नगरपालिकेच्या शाळेत गेला आणि मॅट्रिकच्या आधीच दुकानात बसला, कारण वडिलांची एक बाजू लुळी पडली होती. घरात कानडी, दुकानात मराठी, मागावरच्या विणकरांशी तेलुगू, अशा तीन भाषा त्याला पाण्यासारख्या येतात. इंग्रजी तेवढी माझ्या वाट्याला आली. वाटणी झाली तशी झाली, त्यानं कधी तोंडानं काढलं नाही.

दुकानात बसलेला गुरुशांत ज्यांनी पाहिला आहे त्यांना काडीपेटी आठवेल. त्यानं आयुष्यात बिडी ओढली नाही, पण सदऱ्याच्या वरच्या खिशात काडीपेटी कायम. नवा माल आला की कडेची दशी ओढायची, चिमटीत धरून पेटवायची आणि डोळे मिटून वास घ्यायचा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांवर मऊ राख राहते. दुसरं काही मिसळलं असेल तर प्लास्टिकचा वास येतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. वडिलांनी त्याला शिकवलेलं वाक्य तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "जिची राख कपाळाला लावता येती, ती खरी चादर." आणि खरोखर ती राख भस्मासारखी कपाळाला लावून दाखवायचा. बायका हसायच्या आणि चादर घेऊन जायच्या.

ही सवय दुकानात राहिली असती तर काही नव्हतं. लग्नात आहेर आला, की शालीची दशी. पाहुण्यांकडे गेला, की पडद्याची दशी. त्याची बायको होती तोवर ती ओरडायची, "अवं, व्याह्याच्या घरात तरी काडी काढू नगासा!" तो म्हणायचा, "बघाय नको व्हय? फसलेत बिचारे." आपण फसत नाही, हा त्याच्या आयुष्यातला एकच ताठा. शिक्षण नाही, दुकान फार मोठं झालं नाही, गेल्या काही वर्षांत मुलगा अनिलकुमार मिसळीच्या धाग्याचा मालही ठेवू लागला. पण कापडाच्या बाबतीत गुरुशांतला कोणी खोटं सांगू शकत नाही, हे सगळी गल्ली मानायची.

अनिलकुमारची मुलगी उत्कर्षा स्वित्झर्लंडमध्ये शिकायला आहे. तिथल्या एका हिमनदीत पोखरून केलेली बर्फाची गुहा आहे, उन्हाळ्यात लोक ती बघायला येतात. उत्कर्षाला तिथे काम मिळालं होतं. लोकांना आत नेणं, माहिती सांगणं, आणि वर घातलेली पांघरुणं दर आठवड्याला तपासणं. हिवाळ्यातही तिला ठेवतील की नाही, हे तिचे साहेब उन्हाळा संपताना ठरवणार होते. ठेवलं तर तिचं तिथलं राहणं निभणार होतं, नाहीतर शिक्षण अर्धं टाकून परत यायचं. आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा हे तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाली, "म्हणून अज्जा, तिथं कशाला हात लावायचा नाही. आधीच सांगते."

"मी काय ल्हान हाय व्हय?" गुरुशांत म्हणाला.

"लहान असता तर हात धरून ठेवला असता."

मुंबईच्या विमानतळावर त्याची काडीपेटी काढून घेतली होती. तेव्हापासून तो सारखा खिसा चाचपायचा. उत्कर्षाच्या स्वयंपाकघरात मेणबत्त्यांसाठी एक काडीपेटी होती. ती त्या मंगळवारी सकाळी त्याच्या खिशात गेली. मी बघितलं. सवय आहे, खिसा भरलेला राहू दे, असं मला वाटलं.

बसमधून उतरून थोडं चाललं की हिमनदी दिसते. माझ्या मनात शाळेच्या भूगोलातलं चित्र होतं, पांढरं आणि स्वच्छ. प्रत्यक्षात बर्फ राखाडी, भेगाळलेला, दगडमातीनं मळलेला, आणि खाली वितळलेल्या पाण्याचं तळं. तळ्याकडच्या बाजूला, जिथे गुहा आहे तिथे, बर्फाच्या अंगावर पांढरी पांघरुणं घातलेली. एकाला एक जोडलेली, वर दगड ठेवलेले, कुठे फाटलेली, कुठे ठिगळं लावलेली. उन्हानं गुहेचं छप्पर वितळू नये म्हणून.

गुरुशांत जागीच थांबला.

"अक्का! बर्फाला चादर! ह्याला काय थंडी वाजती व्हय?"

मी त्याला सांगितलं की पांढऱ्या कापडावरून ऊन माघारी जातं. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो कापडाकडे बघत होता. फळ्यांची वाट गुहेच्या तोंडाशी जाते तिथे पांघरुणाची एक कड अगदी हाताशी येते, तिथे आम्ही रांगेत उभे राहिलो. उत्कर्षा आत लोकांना घेऊन गेली होती. आमच्या पुढे पुण्याची एक सहल होती. मराठी ऐकून त्यातल्या एका बाई वळल्या.

"तुम्ही कुठले हो?"

"सोलापूर," गुरुशांत म्हणाला.

"अय्या! म्हणजे ह्या चादरी तुमच्याकडच्याच की काय?"

सगळे हसले. गुरुशांतही हसला. "आमच्याकडची असती तर अशी फाटली नसती, बाई."

त्यांच्यातला एक जण, डोक्यावर टोपी, हातात मोबाईल, म्हणाला, "मग सांगा की काका, कसलं कापड आहे हे? सोलापूरचे ना तुम्ही?"

"सांगतो की. त्यात काय."

मी म्हटलं, "गुरुशांत, राहू दे." तेवढंच म्हटलं. पाचपन्नास माणसांसमोर भावावर ओरडायचं मला सुचलं नाही.

त्यानं कड हातात घेतली आणि दशी शोधू लागला. शोधता शोधता त्याचा चेहरा बदलला. "अक्का, उभा धागा न्हाय, आडवा न्हाय. हे इणलंच न्हाय की! नुसतं दाबून केलंय, गादीतल्या कापसावानी." टोपीवाला म्हणाला, "म्हणजे नाही ओळखता येत?" हे त्याला लागलं. दशी नव्हती, तर फाटलेल्या कडेचा एक पुंजका त्यानं चिमटीत पिळला. तो तोडून घ्यायला हवा होता. तुटेना. त्यानं तसाच पेटवला.

तिथे वारा सतत वाहतो. पुंजका भुरकन पेटला आणि कडेवरून आत गेला. कापड जळलं असं म्हणता येणार नाही, ते आकसून मागे सरकत गेलं, काळ्या कडा करत, थेंब गाळत. गुरुशांत तळहातानं ते विझवू लागला. कोणी बाटलीतलं पाणी टाकलं, कोणी किंचाळलं. लाल जाकीट घातलेला एक माणूस फावडं घेऊन धावत आला आणि त्यानं ओला बर्फ लोटून ते विझवलं. परातीएवढं भोक पडलं होतं. खालचा बर्फ काळा दिसत होता. टोपीवाल्याचा मोबाईल सगळा वेळ वरच होता.

गुरुशांतच्या अंगठ्याला वितळलेल्या कापडाचा काळा मणी चिकटला होता. तो त्याच्याकडे बघत हळूच म्हणाला, "पॉलिस्टर." मग त्याला आजूबाजूची माणसं दिसली.

गुहेतून सगळ्यांना बाहेर काढलं. छपराचा भाग तपासल्याशिवाय आत सोडणार नाहीत, आज बंद. पुण्याच्या बाई आमच्या शेजारून जाताना कोणाला तरी म्हणाल्या, "एवढ्या लांबून यायचं आणि सोलापूरच्यांनी गुहा बंद पाडायची." आमच्याकडे बघून बोलल्या नाहीत. त्यामुळे उत्तरही देता येईना. मला त्या क्षणी गुरुशांतची लाज वाटली, हे लपवत नाही. मागे शाळेतल्यासारखी मान खाली घालून उभी राहिले आणि फळीतल्या खिळ्यांकडे बघत राहिले.

उत्कर्षा बाहेर आली. लाल जाकिटातला माणूस म्हणजेच तिचे साहेब. साठीचे असतील, चेहरा उन्हानं भाजलेला. तिचं जर्मन अजून कच्चं म्हणून ते तिच्याशी इंग्रजीत बोलायचे.

"हा माणूस तुझ्याबरोबर आहे?"

उत्कर्षानं एकदा आमच्याकडे बघितलं. नाही म्हणाली असती तर कोणाला कळलं नसतं. "माझे आजोबा आहेत," ती म्हणाली.

"ह्या छपराखाली माणसं असतात हे त्यांना कळत नाही? तू त्यांना सांगितलं नव्हतंस?"

तिनं भोकाकडे बघितलं. मग ती म्हणाली, "त्यांना कळत नाही, सर. वर्ष झालं. डोकं ठिकाणावर नसतं. आपण कुठे आहोत, काय करतोय, विसरतात. मी त्यांना आणायलाच नको होतं."

साहेबांचा चेहरा उतरला. राग होता तो सगळा निघून गेला. ते म्हणाले, "माझी आईसुद्धा शेवटी अशीच होती." मग गुरुशांतजवळ येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्यानं म्हणाले, "ठीक आहे. सगळं ठीक आहे." अंगठा बघितला, स्वतः बर्फ लावला.

गुरुशांतनं हात जोडले. मला म्हणाला, "देवमाणूस हाय की गं अक्का. पोरगीनं काय सांगितलं त्यास्नी?"

मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते."

बसमध्ये कोणी बोललं नाही, हे डायरीत आहेच. उत्कर्षा आम्हाला सोडून परत कामावर गेली, पांघरूण जोडायला हात कमी पडत होते. गुरुशांत तिच्या त्या छोट्या खोलीत खिडकीशी बसला. मी आमटीला फोडणी घातली.

"सांग," तो म्हणाला.

"म्हातारं माणूस आहे, चुकलं, असं म्हणाली."

"अक्का, चांगलं असतं तर तितंच सांगितलं असतंस."

मी आमटी ढवळत राहिले.

"तू डायरीत खोटं लिव्हत न्हाईस. मला कशाला सांगतीस?"

मग मी सांगितलं. शब्दाला शब्द. मध्ये एकदा तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर नसतंय. आसं?" मी म्हटलं, "त्यामुळे साहेब नरम पडले. नाहीतर त्यांनी तिला काढलंच असतं." तो म्हणाला, "ते कळलं की मला." मग म्हणाला, "लोक म्हणतील वेडा म्हणून पेटवलं, तर एक. शहाणा असून पेटवलं, तर दुसरं. दुसरंच खरं हाय, अक्का. मी शहाणा असून पेटवलं. त्या टोपीवाल्यापायी." आणि जेवायला उठला नाही. अंगठ्यावरचा मणी त्यानं रात्री नखानं काढला, त्याबरोबर कातडीही आली.

उत्कर्षा आल्यावर त्यानं तिला एवढंच विचारलं, "भोक बुजवलं का? सुईदोरा असंल तर मी बसतो. रफू येतं मला." ती म्हणाली, "अज्जा, ते शिवत नाहीत. गरम करून चिकटवतात." तो म्हणाला, "व्हय का. बरं." आणि पांघरूण ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. गुहा पुन्हा उघडली होती. उद्या सकाळी गर्दी नसताना आजोबांना घेऊन ये, मी स्वतः दाखवतो, गर्दीत ते घाबरले असतील. माझी आई बर्फातला निळा रंग बघून शांत व्हायची, असंही त्यांनी कळवलं होतं. हे सांगताना उत्कर्षा आमच्याकडे बघत नव्हती. चहाचा कप पुसत होती, पुसून झालेलाच.

"नको वाटलं तर नको जाऊ या, अज्जा. मी सांगेन, बरं नाही म्हणून."

"जाऊ की," गुरुशांत म्हणाला. "बोलावलंय त्यांनी."

माझा भाऊ इस्त्रीशिवाय सदरा घालत नाही. दुकान उघडायच्या आधी कपाळावरचं भस्म आरशात बघून सारखं करतो. त्या सकाळी तो तयार होऊन आला तेव्हा त्याच्या स्वेटरची बटणं एका घरानं चुकली होती. एक बाजू वर, एक खाली. भस्माचे पट्टेही वाकडे. मी बटणं सोडवायला हात पुढे केला, तर त्यानं माझा हात बाजूला केला.

"राहू दे."

"अरे, चुकलीत."

"राहू दे गं."

उत्कर्षा बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर बघितलं, उठली आणि तीही त्याच्या बटणांशी आली. त्यानं तिची बोटं धरली.

"राहू दे, बाळ. साहेबांना तसंच बघू दे."

तिच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ती माझ्याकडे वळली. मी त्याला सांगितलंय, अशी मी मान हलवली असेन. ती तिथेच, बुटाची एक नाडी सुटी ठेवून, भिंतीला टेकली. "अज्जा, मी..." एवढंच तिच्या तोंडून आलं.

"होगली बिडु," तो कानडीत म्हणाला. जाऊ दे, सोड. "बस चुकंल."

गुहेत जाताना साहेबांनी त्याचा हात धरला, अंगठा दुखावलेला तोच. खाली रबरी पट्ट्या, दोन्ही बाजूंना बर्फ. बाहेरून मळकट दिसणारी हिमनदी आतून निळी होती. दिवे होते, पण तो निळा दिव्यांचा नव्हता, वरून ऊन बर्फातून झिरपून येत होतं. भिंतीत बुडबुडे अडकलेले, आणि आडव्या रेषा, एकावर एक, काही काळसर, काही दुधी. थेंबांचा आवाज सगळीकडून. मी कुठल्याही देवळात इतकी गप्प झाले नव्हते.

साहेब हळू म्हणाले, "ब्लू."

गुरुशांत म्हणाला, "ब्लू."

"शाब्बास," साहेब म्हणाले. पुढे गेलो. "कोल्ड."

"कोल्ड," गुरुशांत म्हणाला. एवढं त्याला दुकानात येणाऱ्या पर्यटकांमुळे येतं.

त्या रेषांपाशी तो थांबला. बोटानं एक रेष धरून तो भिंतीबरोबर चालत गेला, जसा मागावरच्या कापडाचा काठ बघत जातो तसा. रेष तुटते कुठे, परत धरते कुठे, हे तो बघत होता. मान वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. माझ्या ओळखीचा चेहरा होता तो. मागावर गेला की एका विणकराला दहा प्रश्न विचारणारा. मग त्याला आठवलं, आपण कोण म्हणून आलोय. तोंड मिटलं. साहेबांकडे बघून तो हसला, नुसताच, दात दाखवून. साहेबही हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

उत्कर्षा आमच्या मागे होती. मी वळून बघितलं नाही. तिच्या नाकाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. थंडीनंही येतो.

वळणावर एका जागी पाणी जास्त गळत होतं. खाली बादली ठेवलेली. वर छप्पर पातळ झालं होतं, उजेड तिथून पांढरा येत होता. साहेबांनी काही सांगितलं नाही, पण कोणती जागा ते आम्हाला तिघांनाही कळलं. गुरुशांत बादलीजवळ उभा राहिला आणि मान वर करून बघत राहिला. एक थेंब कपाळावर पडला, भस्मातून ओघळून नाकावर आला. त्यानं पुसला नाही. साहेबांना वाटलं, गंमत वाटतेय. त्यांनीच रुमालानं पुसला.

बाहेर पडताना साहेबांनी त्याला पेलाभर गरम चॉकलेट दिलं आणि पेला दोन्ही हातांनी धरायला लावला. उत्कर्षाला म्हणाले, "माणूस किती गोड आहे. सांभाळ त्याला."

बसमध्ये बसल्यावर गुरुशांतनं बटणं सोडली आणि नीट लावली. मग सुरू झाला. "उत्कर्षा, ती काळी रेघ कशाची गं? धुळीची? दर साली एक का? मग मधली जाड कशापायी? आन् बुडबुडं हवेचं का? मग ती हवा कवाची?" तिनं एकेकाचं उत्तर दिलं. रडत रडत दिलं, पण एकही चुकवलं नाही. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी तिनं विचारलं, "अज्जा, मी खरं सांगू का त्यांना? उद्या जाऊन?"

"काय सांगणार?"

"की तुम्ही चांगले आहात. मी खोटं बोलले."

"आन् मग मी का पेटवलं, ते कोण सांगणार?" त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "काम संभाळ. माझं गेलेलं काय यायचं न्हाय माघारी."

आम्ही सोलापुरात पोचलो तर चित्रफीत आमच्या आधी पोचलेली. "सोलापूरच्या काकांनी हिमनदी पेटवली" असं वर लिहिलेलं, खाली हसण्याची चिन्हं. अनिलकुमारनं स्टेशनवरच विचारलं, "आप्पा, एवढी अक्कल न्हाय व्हय?" गल्लीत तर काय. पलीकडच्या दुकानातला मानसिंग हात जोडून म्हणाला, "काका, आमच्या दुकानात या, पण काडी बाहेर ठेवून या." दुसरा म्हणाला, "फायर ब्रिगेडला कळवून ठेवा रे, काका आले!" गुरुशांत हसून घ्यायचा. पूर्वी असं कोणी बोललं असतं तर त्याच्याच मालाची दशी काढून त्याला दाखवली असती.

काही दिवसांनी टोमणे थांबले, आणि ते जास्त वाईट होतं. अनिलकुमारला मुलीकडून सगळं कळलं होतं. लोकांना सांगायला त्याला तेच सोपं पडलं. "आप्पांचं हल्ली जरा असंच आहे. विसरतात." लोक मग हळू बोलू लागले. मानसिंग एकदा त्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यायला आला. चार विणकर त्याला माल दाखवायचे, ते आता अनिलकुमारला दाखवू लागले. गुरुशांत गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसतो, सिद्धेश्वराच्या दर्शनाला पहाटे अंधारात जाऊन येतो, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, "मी सांगते अनिलला, हे खोटं बोलणं थांबव." तो म्हणाला, "हितल्या हितं सांगशील. पोरगीच्या साहेबाला कोणतरी सांगंल. मोबाईल हाय की सगळ्यांकडं."

"साहेबाला मराठी कुठं येतं?"

"असू दे. एकीकडं वेडा न् एकीकडं शहाणा, असं मला जमायचं न्हाय."

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे असतानाच उत्कर्षाचा फोन आला. हिवाळ्यासाठी तिला ठेवून घेतलं होतं. तिचा आवाज एकदम वर गेला, मग खाली आला. "अज्जा, साहेबांनी तुमची तब्येत विचारलीय."

गुरुशांतनं फोन दुसऱ्या कानाला लावला. दारात अनिलकुमार होता, त्याच्याकडे पाठ केली.

"सांग त्यास्नी," तो म्हणाला, "तशीच हाय म्हणावं."

बुधवार, २४ सप्टेंबर २०२५. दिवसभर ढग, दुपारी एक सर. गुरुशांतकडे जाऊन आले. उत्कर्षाचं काम हिवाळाभर पक्कं. संध्याकाळी गॅसचा लायटर चालेना. गुरुशांतच्या घरी विचारलं, काडीपेटी नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणवली.